सजावटीआधी मांडणी

मराठी स्वयंपाकघरात ताटे, वाट्या आणि डबे लावून ठेवण्याच्या स्टीलच्या चौकटीला ‘मांडणी’ म्हणतात आणि वस्तू विचारपूर्वक जागच्या जागी ठेवण्याच्या क्रियेलाही ‘मांडणी’च म्हणतात. हा भाषेतला योगायोग मानला, तरी कमी खर्चात घर सजवण्याच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यात आहे. गृहसजावट म्हणजे दुकानातून आणण्याच्या वस्तूंची यादी, अशी समजूत जाहिरातींनी रुजवली असली, तरी खोली सुंदर वाटते की नाही हे मुख्यतः भिंतीचा पृष्ठभाग, प्रकाशाची दिशा, कापडाचा पोत आणि वस्तूंमधली मोकळी जागा या चार गोष्टींवर ठरते; यांपैकी पहिल्या तिन्हींना थोडा पैसा लागतो आणि चौथीला अजिबात लागत नाही.

जागेच्या टंचाईची सबब येथे फारशी टिकत नाही. तत्कालीन बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती आणि तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. अशा खोलीत सकाळी गाद्यांची वळकटी करून ती पलंगाखाली किंवा कोपऱ्यात गेली, की झोपण्याच्या खोलीची बसण्याची खोली होत असे आणि पाट मांडले, की तिचेच जेवणघर होत असे. एकच जागा वेळेनुसार बदलत राहण्याची ही पद्धत गरजेतून आली होती, परंतु तिच्यामागे एक शिस्त होती: वापरात नसलेली वस्तू नजरेसमोर राहू द्यायची नाही. आजच्या चारशे-साडेचारशे चौरस फुटांच्या सदनिकेत त्या चाळीच्या खोलीपेक्षा जास्त कोंदटपणा जाणवतो, तो बहुतेक वेळा ही शिस्त सुटल्यामुळे.

मराठी घरांना सुंदर कोपरा तयार करण्याची कला येत नाही असे नाही. ती दरवर्षी भाद्रपदात सिद्ध होते. गणपती किंवा गौरी बसवायच्या म्हटल्यावर घरातील एक कोपरा पूर्ण रिकामा केला जातो, टेबल किंवा चौरंग मांडून त्यावर स्वच्छ कापड अंथरले जाते, मागे एकाच रंगाची साडी चुण्या घालून लावली जाते, दिव्याचा प्रकाश मूर्तीच्या समोरून न टाकता बाजूने सोडला जातो आणि आजूबाजूचा पसारा पडद्याआड जातो. गृहसजावटीच्या शास्त्रात ज्याला दृष्टिकेंद्र म्हणतात, म्हणजे खोलीत शिरताच नजर जिथे जाऊन थांबते ती जागा, तेच येथे कोणत्याही शिक्षणाशिवाय साधलेले असते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यानंतर कापड, बांबू, कागद आणि पाने-फुले यांची मखरे पुन्हा दिसू लागली, ती बहुतेक तयार थर्माकोलपेक्षा देखणीच निघाली. विसर्जनानंतर मात्र त्याच कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे, चार्जरच्या वायरी आणि रिकामी खोकी परत येतात. जणू सौंदर्याचा हक्क पाहुण्या देवाचा, आणि घरच्या माणसांनी उरलेले वर्ष अडगळीतच काढायचे.

म्हणून पहिले काम विनाखर्चाचे आणि तरीही सर्वांत जड आहे: काढून टाकणे. माळ्यावरच्या, दिवाणाच्या पोटातल्या आणि कपाटाच्या माथ्यावरच्या ‘कधीतरी लागेल’ या वर्गातील वस्तू निम्म्यावर आल्याशिवाय कोणत्याही रंगाचा किंवा पडद्याचा उपयोग दिसत नाही.

त्यानंतर भिंत. गावाकडच्या घरात किंवा जुन्या वाड्यात भिंतीवर अजून चुन्याचाच हात असेल, तर तो बदलण्याची घाई करू नये. कळीचा चुना पाण्यात टाकला, की तो उष्णता सोडत विरतो. त्यात थोडी नीळ आणि चिकटपणासाठी डिंक किंवा सरस घालून, गाळून, कुंचल्याने तो भिंतीला लावतात. ओल्या भिंतीवर बसलेला हा विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे अक्षरशः दगडाचा पातळ थर बनतो. शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर घातल्यावर चुन्याची निवळी दुधाळ होते, तीच ही क्रिया. येथे एक चूक हमखास होते. ओला असताना चुन्याचा हात जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, त्यामुळे ‘काहीच लागले नाही’ असे वाटून पहिलाच हात दाट दिला जातो आणि महिनाभरात पांढरी भुकटी कपड्यांना लागू लागते; खरे तर दुधाइतके पातळ दोन-तीन हात, प्रत्येक वेळी भिंत ओली करून, द्यायला हवेत. चुना डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्याने चष्मा आणि हातमोजे लागतात. कोकणातल्यासारख्या दमट हवेत चुन्याचा मोठा गुण असा, की तो भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, तर प्लॅस्टिक पेंट ती आत कोंडतो आणि मग फुगे येऊन पोपडे सुटतात. ज्या भिंतीवर आधीच ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट आहे तिच्यावर मात्र चुना धरत नाही.

शहरातील सदनिकेत प्रश्न वेगळा असतो. तेथे डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखी भुकटी आणि बांधून ठेवणारे द्रव्य यांचा पाण्यात मिसळणारा रंग, हा प्लॅस्टिक पेंटपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण तो रगडून धुता येत नाही. म्हणून लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर आणि स्वयंपाकघरात धुता येणारा रंग आणि बाकी ठिकाणी डिस्टेंपर, अशी वाटणी परवडते. चकचकीत रंग भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा उघड करतो आणि बिनचमकीचा रंग तो झाकतो, तरीही खडबडीत भिंतींच्या घरातच चकाकीचा आग्रह जास्त धरला जातो. खिडकीसमोरची भिंत फिकट ठेवल्यास बाहेरचा प्रकाश तिच्यावर आदळून खोलीभर पसरतो; गडद रंगाची हौस असेल तर ती एखाद्या आडव्या भिंतीवर भागवावी.

भिंतीपेक्षाही स्वस्तात खोली बदलते ती प्रकाशामुळे, आणि मराठी मध्यमवर्गीय घराचे सर्वांत मोठे नुकसान छताजवळच्या एकाच निळसर-पांढऱ्या ट्यूबलाइटने केले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्व्हिन या मापात सांगतात. तापलेले लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते, तसा हा हिशेब असल्याने आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळा आणि मनाला उबदार, आणि आकडा जितका मोठा तितका तो निळसर. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन लिहिलेला दिवा संध्याकाळच्या बसण्याला योग्य आणि ६५०० केल्व्हिनचा दिवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाला. ९ वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका किंवा किंचित जास्त उजेड देतो, त्यामुळे एका तीव्र दिव्याऐवजी तीन मंद दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावले, तरी विजेचे बिल वाढत नाही. वाचायला किंवा भाजी निवडायला मात्र जवळ स्वतंत्र, स्वच्छ उजेड हवाच. मंद प्रकाशाच्या मोहात डोळे ताणण्यात शहाणपण नाही.

कापडाच्या बाबतीत मराठी घर मुळातच श्रीमंत असते, कारण कपाटात नेसण्यातून गेलेल्या सुती साड्या असतात. त्यांचा पडदा करण्याचा हिशेब असा आहे. पाचवारी म्हणून ओळखली जाणारी आजची साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. तिचे मधोमध दोन तुकडे केले, तर प्रत्येकी पावणेतीन मीटर लांबीचे दोन पडदे मिळतात, म्हणजे वरची नळी आणि खालची दुमड धरूनही ते छताजवळून जमिनीपर्यंत पोहोचतात. दोन्हींची मिळून रुंदी सव्वादोन ते अडीच मीटर भरते, ती सव्वा मीटरच्या खिडकीच्या जवळजवळ दुप्पट होते. आणि पडद्याला चांगल्या चुण्या पडण्यासाठी कापड खिडकीच्या दुप्पट असावे असाच शिंप्यांचा ठोकताळा आहे. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर असल्याने तिच्यातून तीन पडदे निघतात. साडीचा काठ लांबीच्या बाजूने जातो, म्हणून तो पडद्याच्या कडेला आपोआप उभा येतो आणि वेगळी किनार लावावी लागत नाही; पदराचा भाग मात्र एकाच पडद्याच्या टोकाला येत असल्याने तो कापून उशीच्या अभ्र्यासाठी वापरल्यास जोडी विजोड दिसत नाही, फक्त तेवढी लांबी आधीच मोजून ठेवावी लागते. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता फूटभर वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर लावली, की खिडकी आहे त्यापेक्षा मोठी भासते. रेशमी साडीचा पडदा करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. सतत उन्हात राहिलेले रेशीम कमकुवत होऊन घडीवर फाटते आणि एका उन्हाळ्यात आजीची आठवण चिंध्या होऊन लोंबू लागते.

लाकडी सामानात स्वस्त आणि महाग यांचा अर्थ उलटा होतो. नवे, चकचकीत आणि कमी किमतीचे कपाट बहुधा पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेल्या फळीचे असते. ही फळी पाण्याने फुगते आणि एकदा निघालेला स्क्रू तिच्यात पुन्हा घट्ट बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या स्थलांतरातच दारे कलतात. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरण्याची तयारी असेल, तर रंगाच्या चार थरांखाली दडलेले सागवान हाती लागू शकते. ते पॉलिश पेपरने घासून चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवला, की लाकडाच्या रेषा पुन्हा दिसू लागतात. खरेदीआधी खुर्ची उलटी करून सांध्यांत आणि वेताच्या भोकांत टॉर्च मारून पाहावा; काळे ठिपके दिसले तर ढेकूण आणि खाली बारीक माती सांडत असेल तर वाळवी, आणि या दोन्ही गोष्टी फुकट मिळाल्या तरी महाग पडतात.

सजावटीसाठी बाटलीत लावलेल्या मनीप्लांटबद्दल एवढेच, की त्याचे पाणी आठवड्याला बदलावे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी ते प्रौढ डास ही वाढ स्वच्छ साचलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते.

भिंतीवर काय लावावे हा प्रश्न शेवटी येतो, यायलाही शेवटीच हवा. मराठी घरात तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून लावण्याची रीत पूर्वजांच्या आदरातून आली, पण ती पुढे निसर्गचित्राला आणि मुलांच्या फोटोलाही लागू झाली आणि मान वर केल्याशिवाय काही दिसेनासे झाले. चित्राचा मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेशी ठेवला, तर लहान चित्रही पुरते. वारली चित्रांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या छापील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आज कितीतरी भिंती भरल्या आहेत. मुळात ही चित्रे पालघर जिल्ह्याच्या पट्ट्यात लग्नप्रसंगी सवाष्ण बाया झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत असत, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती १९७०च्या दशकापासून कागद-कापडावर आणून जगासमोर ठेवली; म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतभर पट्टीच्या पैशांत एखाद्या वारली चित्रकाराचे हातभर कागदी चित्र मिळत असेल, तर ते लहान चित्र घेऊन उरलेली भिंत मोकळी सोडणे केव्हाही चांगले.

अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्या कुटुंबाला खिळा ठोकण्याचीही चोरी असते, म्हणून त्यांच्या सजावटीचा भर टेम्पोत भरून नेता येईल अशा गोष्टींवर असावा लागतो: पडदे, दिवे, भिंतीला टेकवून ठेवता येणारी चित्रे, सतरंजी आणि गोधडी. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी घालत नेतात. मोठी गोधडी असेल तर दोघी-तिघी जमिनीवर तिच्याभोवती बसून ती शिवतात आणि काम दिवसेंदिवस चालते. दिवाणावर घातलेली अशी एक गोधडी साऱ्या खोलीला रंग पुरवते. अनेक गावांत महिला बचत गट गिऱ्हाइकाने दिलेल्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात. कापड घरचेच असल्याने तिची किंमत म्हणजे जवळपास सगळी शिवणाऱ्या हातांची मजुरी असते, आणि दुकानातल्या यंत्रावर शिवलेल्या दुलईपेक्षा ती जास्त निघाली, तरी तिथे घासाघीस करण्याचे कारण उरत नाही.