पातागोनिया : वाऱ्याचा मुलूख

दक्षिण अमेरिकेचा दक्षिणेकडील भाग. अर्जेंटिना आणि चिली या देशांत विभागलेला. क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किमी. मॅगेलनची मोहीम १५२० मध्ये येथे पोहोचली.

वारा : या अक्षांशांवर पश्चिमी वाऱ्यांना अडवणारी जमीन फारशी नाही. ते थेट अँडीजवर आदळतात. चिलीच्या बाजूला मुबलक पाऊस आणि बर्फ. पूर्वेला, पर्जन्यछायेत, कोरडे माळ.

मुख्य ठिकाणे : एल कालाफातेजवळची पेरितो मोरेनो हिमनदी (लोस ग्लासियारेस उद्यान, जागतिक वारसा १९८१). चिलीतील तोरेस देल पाइने उद्यान, स्थापना १९५९. जवळचे शहर पुएर्तो नातालेस.

हंगाम : नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथला उन्हाळा. दिवस मोठे, मात्र वाराही याच काळात सर्वाधिक.