दात का आंबतात?

थंडीत भल्या सकाळी हरभऱ्याच्या शेतात गेलात तर एक गंमत करा. दवाने ओल्या पानांवरून बोट फिरवा आणि चाटा. चक्क आंबट! हरभऱ्याच्या अंगावरची बारीक लव मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. हीच आंब. बांधावर बसून दातांनीच घाटे फोडत पोटभर टहाळ खाल्ला, की ओठ चुरचुरतात आणि दुपारी पोळीसुद्धा चाववत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दात आंबवायची सोय भरपूर! आर्वी, आष्टी, कारंज्याकडे संत्र्याचे बहारच दोन: आंबिया दिवाळीनंतर, मृग उन्हाळ्याच्या तोंडावर. मधे बोरं, चिंचा. पुढे तिखट-मीठ लावलेली कैरी.

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण तोंडातला पीएच साधारण 5.5च्या खाली उतरला की त्यातलं कॅल्शियम विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच असतो 2 ते 3! एनॅमलच्या आत असतं डेंटिन. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या, नळ्यांत द्रव. एनॅमल झिजून ही नळ्यांची तोंडं उघडी पडली, की आंबट किंवा गार काही लागताच तो द्रव हलतो आणि आतली नस ओरडते.

मग आपले दात टिकतात कसे? लाळेमुळे! ती आम्ल धुते, त्याचा जोर मोडते, वर कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दाताला देते. या डागडुजीला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून एक संत्रं खाऊन मोकळं झालात तर बिघडत नाही. सरबताची बाटली दुपारभर घोट-घोट चोखलीत, तर लाळेची पाळीच येत नाही. त्यात आपला मे महिना, पारा 45च्या घरात. अंगातलं पाणी आटलं की लाळही आटते, आणि नेमका तेव्हाच हातात बर्फाचा गोळा!

होळीची गाठी तर आंबट नसते ना? नसते. पण तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल स्वतःच तयार करतात. गाठी गळ्यात घालून दिवसभर चाटत फिरणाऱ्यांनी कान टवकारावेत. तिळगूळही दाढेच्या खाचेत चिकटून बसतो.

आणि हो, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश घेऊन धावू नका. एनॅमल तेव्हा मऊ झालेलं असतं, घासलं तर झिजेल. आधी पाण्याने खळखळून चूळ भरा; ब्रश तासाभराने.