पायाची सूज आणि लघवीची गोळी

तायांनो, पाय सुजले की कुणीतरी सांगतंच, "लघवीची गोळी घे, उतरून जाईल." शेजारच्या घरातली उरलेली गोळी घेतली जाते आणि सूज उतरतेही. पण दुखणं तसंच आत राहतं. म्हणून ही गोळी नीट समजून घेऊ.

या गोळीचं नाव फ्युरोसेमाइड. लॅसिक्स नावानेही मिळते. टॉरसेमाइड तिच्याच जातीची. आपली किडनी रक्त गाळते आणि गाळलेलं बरंचसं मीठ-पाणी परत रक्तात घेते. ही गोळी ते मीठ परत घेऊ देत नाही. मीठ लघवीतून जातं, त्याच्यामागे पाणीही जातं. त्यामुळे सूज आणि धाप कमी होते, बीपीही उतरतो.

पण सूज आली कशाने? हृदय, किडनी, लिव्हर, अंगात रक्त कमी असणं, अशी कारणं असतात. बीपीच्या अम्लोडिपिन गोळीनेही काहींचे पाय सुजतात. कारण डॉक्टरच शोधतील. गरोदरपणात तोंड-हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिला ही गोळी मनाने देऊ नका.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर हे पाळा :

- गोळीचा असर तासाभरात सुरू होतो, सहाएक तास राहतो. म्हणून शक्यतो सकाळी घ्या, म्हणजे झोपमोड होत नाही.
- शेतात, एसटीत आडोसा मिळत नाही म्हणून बऱ्याच जणी गोळीच चुकवतात. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. ते वेळ बदलून देऊ शकतात.
- रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दाखवा.
- पापड, लोणचं, वरून मीठ कमी करा.
- अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. गोळीचा असर कमी होतो, किडनीवर ताण येतो.
- पाण्यासोबत पोटॅशियमही जातं. पायात गोळे, चक्कर, धडधड झाली तर दाखवा. सांगतील तेव्हा रक्त तपासा.
- उन्हाळ्यात खूप घाम, किंवा उलटी-जुलाब झाले तर पुढची गोळी घेण्याआधी विचारा.
- बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

आडवं झाल्यावर दम लागला किंवा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर थांबू नका. 108 ला फोन करा. बाकी वेळी नायगाव तालुक्यातल्या आपल्या उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या, आशाताईंना विचारा. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्या ताईचे पाय सुजतात, तिला गोळी देऊ नका, सोबत दवाखान्यात न्या.