मांडीतली पहिली सुई

बाळ रडलं की प्रसूतिकक्षातले सगळे चेहरे खुलतात. तेवढ्यात आम्ही सिरिंज हातात घेतो आणि आजी कळवळतात, "अहो डॉक्टर, आत्ताशी जन्मलंय लेकरू. लगेच टोचता?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कोपनहेगनच्या कोंबडीच्या पिल्लांपाशी आहे. १९२९च्या सुमारास तिथले शास्त्रज्ञ हेन्रिक डॅम पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेलं खाद्य देत होते. शोधायचं होतं भलतंच : पिल्लांच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होतं का? पण पिल्लांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला आणि त्यांचं रक्त लवकर गोठेना. कोलेस्टेरॉल परत देऊनही ते थांबलं नाही. 'क' जीवनसत्त्वानंही नाही. हिरव्या पाल्यानं मात्र थांबलं. १९३५मध्ये डॅम यांनी त्यातल्या अनोळखी घटकाला 'कोआग्युलेशन'वरून 'व्हिटॅमिन के' हे नाव दिलं. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी तो लसूणघासातून वेगळा काढला. त्याचा भाऊबंद सापडला कुजलेल्या माशांच्या भुकटीत! १९४३चं नोबेल दोघांना मिळालं.

रक्त गोठवणारी चार प्रथिनं यकृतात बनतात, पण 'के'शिवाय ती कामाला लागत नाहीत. वारेतून बाळाला 'के' जेमतेम मिळतं, आईच्या दुधातही ते अगदी कमी असतं, आणि ते तयार करणारे जिवाणू आतड्यात अजून रुजलेले नसतात. म्हणून दिसायला गुटगुटीत असलेल्या बाळालाही रक्तस्राव होऊ शकतो. दोन ते बारा आठवड्यांत झाला, तर तो बऱ्याचदा मेंदूतच होतो. म्हणूनच जन्मताच मांडीत ही 'के'ची सुई.

घरी जन्मलेलं पाच आठवड्यांचं एक बाळ रात्री आमच्याकडे आलं. पांढरंफटक, टाळू फुगलेली, झटके सुरू. आदल्या दिवशी बेंबीतून थोडं रक्त आलं होतं. घरच्यांनी हळद लावली होती. 'के' दिल्यावर काही तासांत रक्त नीट गोठू लागलं. बाळ वाचलं, पण त्याची उजवी बाजू कायमची अधू राहिली. आईनं एवढंच विचारलं, "ही सुई आधी दिली असती तर?" मी खोटं बोलू शकलो नाही.

तेव्हापासून आजींना मी ही पिल्लांची गोष्ट सांगतो. तुमच्या कुटुंबात बाळ आलं, तर डिस्चार्ज कार्डावर 'व्हिटॅमिन के, १ मिलिग्रॅम' अशी नोंद आहे का, ते पाहा. नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.