नागपूरचा पारा ५६? आकड्यांची झाडाझडती!

३० मे २०२४. नवतपा सुरू होता. उत्तर अंबाझरी रोडवरच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने दाखवले ५६ अंश, सोनेगावच्या केंद्राने ५४! देशभर बातमी झाली. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतलं आणि रामटेकचं यंत्र मात्र ४४ वर होतं. हवामान खात्याचा खुलासा आला: सेन्सर बिघडले.

आता गंमत बघा. चारही आकड्यांची सरासरी येते ४९.५. एखादा आकडा भलताच निघाला तर संख्याशास्त्र सरासरी सोडून मध्यक घ्यायला सांगतं, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलायचा. एखाद्या चुकार आकड्याने तो फारसा ढळत नाही. पण इथे चारातले दोन बिघडलेले, म्हणून मध्यकही (मधल्या दोघांची, ४४ आणि ५४ ची, सरासरी) ४९! त्या दिवशी एकाही केंद्राने ४९ दाखवलं नव्हतं. निम्मी आकडेवारी नासली की सूत्र वाचवू शकत नाही, यंत्र उघडून बघावंच लागतं. सरासरी, मध्यक काढून हातातल्या आकड्यांचं चित्र रेखाटणारी संख्याशास्त्राची ही शाखा म्हणजे वर्णनात्मक संख्याशास्त्र.

दुसरी शाखा अनुमानाची: थोडं बघून सगळ्याबद्दल बोलायचं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर भरलं २४,०५,६६५ माणसांचं, तेही दारोदार जाऊन. पण लोकांचं मत जाणायचं तर चिठ्ठ्या टाकून नीट निवडलेले हजार जण पुरतात. चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, तरी तिथेही हजारच पुरतात आणि चूकही तेवढीच! नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला, हे फार महत्त्वाचं. राष्ट्रीय नमुना पाहणीची माहिती तपासून तिच्यावर प्रक्रिया करणारं एक केंद्र आपल्या नागपुरातच आहे, हे किती नागपूरकरांना ठाऊक असेल?

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात तर ही शाखा दरवर्षी पैसेवारी होऊन येते, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा रुपयात किती पैसे पीक आलं याचा अंदाज. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींची आशा. त्यामागे असतो पीक कापणी प्रयोग: शेत चिठ्ठीने निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं.

हा चौकोन केवढा असावा, यावर १९४० च्या दशकात मोठा वाद रंगला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. चौकोन आखणाऱ्या दोरीवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. लहान चौकोनात क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, म्हणून चूकही जास्त. मला हा सगळ्या संख्याशास्त्रातला सर्वात देखणा शोध वाटतो, कारण तो धुऱ्यावर उभं राहून डोळ्यांनी दिसतो. त्याच काळात व्ही. जी. पानसे कापसाच्या नमुना पाहण्या करत होते. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९५४ चा. कृषी पदवीधरापुढे नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणा, त्याला कळतं.

प्रयोगांची आखणी ही आणखी एक शाखा. कपाशीचं नवं वाण खरंच सरस, की त्याच्या वाट्याला काळी कसदार जमीन आली? म्हणून शेताचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात सगळी वाणं चिठ्ठीने लावतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे संभाव्यता, आणि तिचं सध्याचं सर्वात लाडकं नागपुरी उदाहरण बुद्धिबळपटू दिव्या देशमुख. बुद्धिबळातलं रेटिंग हे अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने रचलेलं गणित आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असला तर वरचढ खेळाडूने सरासरी १०० पैकी ७६ गुण मिळवावेत, असं ते सांगतं. उरलेले २४ कुणाचे? २०२५ च्या महिला विश्वचषकात १५ वं मानांकन असलेल्या १९ वर्षांच्या दिव्याने दुसऱ्या मानांकित झू जिनरला हरवलं, माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवलं आणि २८ जुलैला टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून चषक नागपूरला आणला! गणितात याचीही सोय आहे: आपल्यापेक्षा वरचढाला हरवलं की रेटिंगचे गुण जास्त वाढतात, कच्च्याला हरवलं की जेमतेम.