दुहेरी आवरणाच्या चित्रकथा : एक बांधणीदोष व त्याचे संशोधनमूल्य

मुद्रणदोष म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उलटे बसलेले अक्षर, जागेवरून सरकलेला रंग किंवा गळालेली ओळ येते. जुन्या चित्रकथांचे संग्राहक ज्या ‘दुहेरी आवरणा’ची आवर्जून नोंद करतात, तो दोष या जातीचा नव्हे. येथे छापखान्याने आपले काम बिनचूक केलेले असते. चूक घडते ती पुढे, बांधणीखात्यात. पुस्तिकेवर एक आवरण चढावयाचे, त्याऐवजी त्याच चित्राची दोन आवरणे एकावर एक चढतात, दोहोंतून तारेचे तेच टाके जातात आणि प्रत तशीच विक्रीस निघते. त्यास मुद्रणदोष न म्हणता बांधणीदोष म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होय. हा भेद केवळ शब्दांचा नाही. 1854 साली कलकत्त्यास शिळाछापाने छापलेल्या चार आण्यांच्या काही टपालतिकिटांवर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक उलटे उमटले. दोन रंगांच्या त्या छपाईत ताव एकदा उलटा लागला, आणि त्या तावावरील प्रत्येक तिकीट त्या दोषाचे वाटेकरी झाले. दुहेरी आवरण हे मात्र एकाच प्रतीचे वैशिष्ट्य असते. तिच्या आधी आणि नंतर बांधलेली प्रत सर्वस्वी निर्दोष असू शकते.

हा दोष उद्भवतो कसा, हे समजण्यास चित्रकथेची रचना पाहावी लागते. आतील पाने बहुधा न्यूजप्रिंटसारख्या हलक्या कागदावर व आवरण चकचकीत आर्ट पेपरवर छापलेले असते. आवरण म्हणजे मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि त्यांच्या आतील दोन बाजू मिळून झालेला एकच दुमडलेला ताव. घडी घातलेल्या पानांच्या जुडीवर तो खोगिरासारखा ठेवतात, मध्यघडीत तारेचे दोन टाके मारतात आणि मग वरची, खालची व उघडती अशा तीन कडा एकत्र कापतात. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा व चिकट द्रव्याचा लेप असतो. हवा दमट झाली की तो लेप किंचित मऊ होतो. शाई पुरती वाळलेली नसली तर तीही चिकटते. उलट कोरड्या हवेत कागदावर साठलेली विद्युत दोन ताव एकमेकांस धरून ठेवते. कारण कोणतेही असो, यंत्राची चूषणनळी किंवा कामगाराची बोटे एकाऐवजी दोन आवरणे उचलतात. जाडी वाढताच थांबणारी व्यवस्था काही यंत्रांत असते. परंतु ती नीट जुळवलेली नसेल, किंवा काम हाताने चालले असेल, तर प्रत पुढे सरकते. आवरणे नेहमी काही जास्तीची छापलेली असल्यामुळे हिशेबात एक कमी भरले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेतील संग्राहकांनी या दोषास दोष मानलेलेच नाही. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची चित्रकथांची मूल्यसूची 1970 पासून प्रसिद्ध होते. तिच्या परिभाषेत दुहेरी आवरण हे प्रतीचे वैगुण्य ठरत नाही, क्वचित मूल्य वाढविणारेच ठरते. कारण उघड आहे. बाहेरचे आवरण हाताळणी सोसते आणि आतले जवळजवळ छापून निघाल्या दिवशी होते तसे राहते. संग्राहकाची दृष्टी येथेच थांबते. त्याला आतले आवरण हवे असते; बाहेरचे त्याच्या लेखी फार तर एक चांगली पिशवी. संशोधकाने मात्र येथे थांबू नये, असे म्हणण्यास सबळ कारण आहे, आणि ते डहाणू-तलासरीसारख्या भागात विशेष स्पष्टपणे दिसते.

आपल्याकडील चित्रकथांचा विचार करताना पहिले नाव येते ते ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये मुंबईहून ही माला सुरू केली आणि ती 1990 पर्यंत चालली. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला फँटम मराठी वाचकांच्या घरी ‘वेताळ’ होऊन आला. भारतीय आवृत्तीत त्याचा ‘बंगाला’ देश ‘डेंकाली’ झाला, हा फेरफारही अभ्यासण्याजोगा आहे. आरंभीच्या सुमारे पन्नास अंकांची रंगीत मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी चितारली व मलपृष्ठावर भिंतीस लावण्याजोगे चित्र असे. याच मालेत काही काळ काम केलेले अनंत पै यांनी 1967 मध्ये ‘अमर चित्रकथा’ आरंभिली. या पुस्तिका मुलांनी वाचाव्यात, अदलाबदलीत द्याव्यात आणि फाटेपर्यंत वापराव्यात म्हणूनच निघत. मलपृष्ठावरील चित्र भिंतीवर गेले की आवरणाचा अर्धा भाग नाहीसा झाला, हे वेगळे सांगावयास नको.

अशा साहित्याचे जतन कायद्याने व्हावे अशी अपेक्षा कोणी केली, तर ती दुहेरी आवरणाच्या बाबतीत फोल ठरते. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके पोहोचविण्यासंबंधीचा 1954 चा कायदा प्रकाशकाकडून पूर्ण, बांधलेली आणि उत्तम कागदावरची प्रत मागतो. साहजिकच ग्रंथालयात जाते ती निर्दोष प्रत. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने ग्रंथनोंदीचा जो भक्कम पाया घातला, त्यातही नोंद होते ती ग्रंथाची व आवृत्तीची, एखाद्या प्रतीच्या अंगावर काय घडले, हा सूचीचा विषयच नव्हे. सदोष प्रत सापडली तर ती घरांतून, शाळेच्या कपाटातून किंवा रद्दीतून.

डहाणू रोड हे मुंबई-सुरत लोहमार्गावरील स्थानक मुंबईपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. तलासरी लोहमार्गापासून आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत. एका बाजूस समुद्र व चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस वारली वस्तीचा डोंगराळ मुलूख. जून ते सप्टेंबरचा पाऊस दोहोंकडे सारखाच कोसळतो, परंतु खारी हवा किनाऱ्यालगत अधिक. कागदाला ही हवा मानवत नाही. टाक्यांची लोखंडी तार गंजते, गंज भोवतीच्या तंतूंना खातो आणि अखेर आवरण टाक्यांपाशीच सुटते. कसर व वाळवी यांचे काम निराळेच. अशा भागात पन्नास-साठ वर्षांची एखादी चित्रकथा हाती आली, तर तिची जीर्णता हातांमुळे, उजेडामुळे, दमटपणामुळे की कागदाच्या स्वतःच्या आम्लतेमुळे, हे ठरविणे अवघड असते. सर्व कारणे एकाच पानावर एकदम काम करीत असतात.

दुहेरी आवरणाची प्रत ही गाठ सोडविण्यास साहाय्य करते, आणि तिचे खरे मूल्य येथे आहे. दोन्ही आवरणे एकाच कागदाची, एकाच शाईची, एकाच टाक्यांत ओवलेली. ती त्याच घरात, त्याच पावसाळ्यांतून गेलेली. फरक एवढाच की बाहेरच्याला हात व उजेड लागला, आतल्याला लागला नाही. मुखपृष्ठाचा तांबडा रंग बाहेर फिका व आत गडद असेल, तर तो उजेडाचा व हाताळणीचा परिणाम; दोहोंवर सारखाच फिका असेल, तर कारण शाईतच शोधावे लागेल. टाक्यांभोवतीचा गंजाचा डाग दोन्ही आवरणांवर सारखा पसरला असेल, तर तो हवेतील ओलाव्याचा. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. बाहेरच्या आवरणाची आतली बाजू दुसऱ्या आवरणाच्या लेपाला टेकलेली असते, तर आतल्या आवरणाची आतली बाजू थेट न्यूजप्रिंटला. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या त्या कागदातील आम्ल शेजारच्या पानावर उतरते. म्हणून आतले आवरण समोरून टवटवीत आणि पाठीमागून तपकिरी, असे विचित्र दृश्य दिसू शकते. प्रयोगशाळेत मुद्दाम योजावी अशी तुलना येथे बांधणी कामगाराच्या चुकीने आयती घडलेली असते.

म्हणूनच बाहेरचे आवरण काढून टाकण्याची प्रथा खटकते. टाके उकलून फाटके, डागाळलेले आवरण वेगळे केले की आतली स्वच्छ प्रत चांगल्या किमतीस जाते, असा हा व्यवहार. त्यात नवे टाके मारले गेले की दुहेरी आवरणाचा पुरावा तर जातोच, परंतु जे फेकले गेले त्यावर मुलाचे नाव, शाळेचा शिक्का, अदलाबदलीच्या खुणा, बैठकीच्या चहाचे वर्तुळ असे सर्व काही असते. आतल्या आवरणाने छपाईचा इतिहास राखला, बाहेरच्याने वाचनाचा. ज्या तालुक्यांत बोर्डीस 1945 साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर रुजविले, तेथे मुलांच्या हातांतील चित्रमय कागदाचा इतिहास गौण मानता येणार नाही. शिक्क्यावरील जिल्ह्याचे नावसुद्धा उपयोगी पडते : ‘जिल्हा पालघर’ असे असेल तर तो शिक्का 1 ऑगस्ट 2014 नंतरचा, म्हणजे प्रत छापल्यानंतर कित्येक वर्षांनी ती त्या संग्रहात आली असली पाहिजे.

उलट दिशेने होणारी लबाडीही ध्यानात ठेवावी लागते. साध्या प्रतीवर दुसऱ्या प्रतीचे आवरण चढवून ‘दुहेरी’ प्रत तयार करणे अवघड नाही; पण ते लपविणे अवघड आहे. खऱ्या प्रतीत दोन्ही आवरणे आतील पानांसह एकाच वेळी कापली गेलेली असतात. सुरीच्या पात्याला बारीक खाच पडलेली असली, तर तिची रेघ दोन्ही आवरणांच्या व पानांच्या कडेवरून सलग उतरते. शिवाय बाहेरचे आवरण आतल्याला वळसा घालून येते, म्हणून घडीपासून कडेपर्यंत ते केसभर अधिक रुंद असावे लागते. दुसरीकडून आणलेल्या आवरणाला ही रुंदी सहसा साधत नाही व त्याची कड मागे पडते. टाके एकदा काढून पुन्हा घातले असल्यास छिद्रे सैल होतात, तारेची टोके दुसऱ्यांदा वळविल्याचे दिसते, आणि गंजाचे डाग एका आवरणावरून दुसऱ्यावर जुळत नाहीत. दीर्घकाळ दाबून राहिल्याने बाहेरच्या आवरणाच्या आतल्या बाजूवरील जाहिरातीची पुसट छाया आतल्या मुखपृष्ठावर उतरलेली असेल, तर तिच्याइतका विश्वसनीय साक्षीदार नाही. ती छाया कोणास बनविता येत नाही. काही हौशी मंडळी ती ‘डाग’ म्हणून रबराने पुसून टाकतात, हे दुर्दैव.

अशी प्रत हाती आल्यास टाके काढू नयेत, गंजलेले असले तरीही. चिकटपट्टी लावू नये. आवरणे एकमेकांस चिकटली असतील तर ती ओढून सोडवू नयेत. लेप फाटून चित्रच निघून येते. प्रत आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवावी. प्लास्टिकच्या बंद पिशवीत किनाऱ्यावरील ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. पत्र्याची ट्रंक वाळवीपासून वाचविते हे खरे, परंतु पावसाळ्यात पत्र्याला आतून सुटणारा घाम कागदावरच येतो. नोंद करताना दोन्ही आवरणांचे चारही पृष्ठांसह स्वतंत्र वर्णन द्यावे, रुंदी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजावी, टाक्यांची जागा वरच्या कडेपासून मोजून लिहावी व प्रत कोठे, कशात ठेवलेली होती हेही लिहावे. ट्रंकेत की माळ्यावर, किनाऱ्याच्या वाडीत की तलासरीकडच्या पाड्यावर, यावाचून वरील तुलनेला अर्थ राहत नाही.

आतल्या मुखपृष्ठाची भाषाही पाहून घ्यावी. एकाच चित्राची आवरणे अनेक भाषांसाठी छापली जातात तेव्हा बदलते ते केवळ नाव व मजकूर. चित्राचे रंग तेच राहतात. बांधणीखात्यात दोन भाषांचे ढीग शेजारी असले, तर वर मराठी व आत दुसरीच भाषा अशी प्रत निघणे अशक्य नाही. 1960 साली उंबरगाव तालुक्यातील गावे गुजरातेत गेली आणि सीमा आखली गेली, तरी या पट्ट्यात मराठी व गुजराती वाचन एकाच घरात नांदू शकते. तेव्हा येथील प्रत तपासताना बाहेरचे मराठी नाव वाचून नोंदवही मिटू नये, बाहेरचे पान अलगद उचलून आतले नावही वाचावे.