साखरेवांचून लिमलेटच्या गोळ्या

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाचा बक्षीससमारंभ आटोपल्यावर मुलांस लिमलेटच्या गोळ्या वाटण्याचें काम आमच्या वर्गाकडे आलें होतें. डबा फिरत फिरत एका मुलापुढें आला, तेव्हां वाटणाऱ्यानें हात आंखडता घेतला आणि "तुला नाहीं रे, तुला मधुमेह आहे ना?" असें सर्वांदेखत म्हटलें. बोलणाऱ्याच्या मनांत दयाच होती, यांत शंका नाहीं. परंतु ऐकणाऱ्याचा चेहरा आम्हांस दिसत होता. या मुलास सर्वांच्या बरोबरीनें घेतां येईल अशी एक गोळी पुढील संमेलनापूर्वीं घरीं करून पाहावयाची, असें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें. गोळी करणें फारसें अवघड नव्हतें. तिच्यासाठीं सामान कोणतें घ्यावें हें समजण्यांतच आमचे चार महिने गेले. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटी १० लक्ष आहेत. तेव्हां ज्यांच्या घरीं असा एक तरी मनुष्य नाहीं असे वाचक थोडेच असतील, आणि म्हणून आमच्या खटपटीची हकीकत येथें देत आहों.

आमचें कऱ्हाड हें ऊंसाच्या मुलखांतील गांव. हंगामांत कृष्णा व सह्याद्री या कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊंसाच्या गाड्यांनीं रस्ते भरून जातात, आणि गुळाच्या ढेपा तर येथील बाजाराचें भूषण. अशा गांवीं "साखरेवांचून गोळ्या" म्हटल्याबरोबर जो तो एकच सल्ला देतो: "मग गूळ घाला कीं!" या सल्ल्यानें पुष्कळ घरांतून नुकसान होत असतें, म्हणून त्याचा निकाल आधीं लावूं. गूळ म्हणजे आटविलेला ऊंसाचा रस. त्यांतील बहुतेक भाग साखरच असतो. काकवी, मध, खडीसाखर यांचीहि गोष्ट तीच. त्यांचा रंग व वास निराळा असला तरी मधुमेह्याच्या रक्तांत गेल्यावर तीं सर्व साखरेसारखींच वागतात.

आमची पहिली फजिती मात्र गुळानें झाली नाहीं. ती औषधांच्या दुकानांतून आणलेल्या एका साखररहित भुकटीनें झाली. पुड्यावर मोठ्या अक्षरांत "साखरेऐवजीं वापरा" असें छापलें होतें. आम्हीं विश्वासानें ती पाण्यांत कालवून चुलीवर ठेवली. प्रथम फेंस आला, मग तांबूस रंग चढला, मग काळा, आणि अखेरीस जळक्या कणकेच्या वासाचा एक कडू थर पातेल्याच्या बुडाशीं असा कांहीं चिकटला कीं, तें पातेलें आम्हांस टाकून द्यावें लागलें. त्यानंतर, म्हणजे जें आधीं करावयास हवें होतें तें शेवटीं केलें: पुड्याची पाठ वाचली. भुकटींत मुख्य पदार्थ होता माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्यासारख्या धान्याचा सत्त्व तोडून केलेली पिठूळ वस्तु. गोडी देणारें द्रव्य केवळ चिमूटभर होतें. चहांत घालावयास ती भुकटी योग्य असेल. परंतु पिठाची लिमलेट व्हावी कशी? शिवाय माल्टोडेक्स्ट्रिनचें पोटांत ग्लुकोजच होतें, हें निराळेंच.

या फजितींतून मूळ गोष्ट ध्यानांत आली. गोळींत साखर दोन कामें करीत असते. एक, ती गोडी देते. दुसरें, ती गोळीचें अंग बनते. यांतलें दुसरें काम लोकांच्या लक्षांत येत नाहीं. साखरेचा पाक १५० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास नेला म्हणजे त्यांतील जवळ जवळ सर्व पाणी निघून जातें, आणि तो भराभर थंड झाला कीं त्याची कांच बनते. खडीसाखर हा स्फटिक आहे, तर लिमलेटची गोळी ही कांच आहे. साखर दोहोंतहि तीच, फरक कणांच्या रचनेचा. ज्या पाकांत दाणा धरतो त्याची पारदर्शक गोळी होत नाहीं, आणि तो धरूं नये म्हणून हलवाई पाकांत लिंबू पिळतात किंवा ग्लुकोजचा घट्ट पाक मिसळतात. तेव्हां साखर काढून टाकावयाची तर तिच्या जागीं दोन नोकर ठेवले पाहिजेत, एक अंगासाठीं आणि एक गोडीसाठीं. दुकानांत सर्वत्र दिसतो तो दुसरा. पहिला शोधावा लागतो.

अंग देणाऱ्या पदार्थांस शुगर अल्कोहोल म्हणतात. नांव ऐकून पालकांनीं दचकूं नये. दारूशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं, रसायनशास्त्राच्या वर्गीकरणांतील तें एक नांव आहे. आम्हीं त्यांतले तीन आणून पाहिले. एरिथ्रिटॉल पाण्यासारखें वितळलें. परंतु निवतांच त्यांत दाणा धरला आणि गोळी पांढरी, खडबडीत व तोंडांत बर्फासारखी गार लागणारी झाली. सॉर्बिटॉलची गोळी कशीबशी जमली. पण तो आषाढ होता, आणि चार दिवसांत बरणींतल्या गोळ्यांस पाणी सुटून त्यांचा एकच गोळा झाला. सॉर्बिटॉल हवेंतील ओल फार ओढतें. तिसरें आयसोमाल्ट, आणि हेंच घ्यावें असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सहसा दाणा धरीत नाहीं, ओल कमी ओढतें, तापविल्यावर लवकर तांबूस होत नाहीं, आणि त्याची कांच साखरेहूनहि स्वच्छ होते. केक सजविणारे कारागीर त्याचीं फुलें व तावदानें करतात, म्हणून केकचें सामान विकणाऱ्याकडे तें मिळतें, अगर मागवितां येतें. वाण्याकडे मिळत नाहीं. किंमत साखरेच्या कित्येक पट आहे, हें आधींच सांगून ठेवतों. पुड्याच्या पाठीवर "आयसोमाल्ट" अथवा त्याचा ९५३ हा क्रमांक एवढेंच असावें. सोबत ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलें असेल तर पुडा परत करावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी परवाना क्रमांक पाहण्याचीहि संवय मुलांनीं लावून घ्यावी.

हें आयसोमाल्ट येतें कोठून? साखरेपासूनच! साखरेच्या एका कणांत ग्लुकोज व फ्रुक्टोज हे दोन भाऊ हातांत हात घालून उभे असतात. एका सूक्ष्म जंतूच्या पाचकद्रव्यानें त्यांची हातमिळवणी बदलतां येते, हें १९५७ मध्यें जर्मनींत उमगलें. अशी बदललेली साखर घेऊन तिला हायड्रोजन वायु जोडला कीं आयसोमाल्ट होतें. ही नवी गांठ आपल्या आंतड्यांस पुरती सुटत नाहीं. म्हणून रक्तांतील साखर त्यानें फार थोडी वाढते, आणि उष्मांकहि साखरेच्या निम्म्याइतकेच मिळतात. दांतांवरील जंतूंसहि ती गांठ सुटत नसल्यामुळें दांत किडविणारें आम्ल ते तीपासून करूं शकत नाहींत. ज्या ऊंसाच्या गाड्या आम्ही रोज पाहतों त्यांच्या जातीच्याच मालापासून साखरेवांचूनची गोळी निघावी, याची आम्हांस मोठी मौज वाटली.

आतां गोडीचा नोकर. आयसोमाल्ट साखरेच्या सुमारें निम्मेंच गोड असतें. उरलेली गोडी भरून काढावयाची तर पर्याय तीन. अॅस्पार्टेम पाकाच्या उष्णतेनें मोडतें व गोडी गमावतें, म्हणून तें गोळ्यांस निरुपयोगी. सुक्रालोज साखरेच्या सुमारें सहाशें पट गोड असून त्याच्या शोधाशीं एका फडणीसांचें नांव जोडलेलें आहे. १९७६ मध्यें लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत शशिकांत फडणीस हे संशोधन करीत असतां त्यांना एका नव्या द्रव्याची परीक्षा करावयास सांगण्यांत आलें. "तपासून पाहा" या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजीं त्यांना "चाखून पाहा" असा शब्द ऐकूं आला, आणि त्यांनीं तें खरोखरच जिभेवर ठेवलें, अशी कथा सांगतात. (आमच्या प्रयोगशाळेंत कोणीं याचें अनुकरण करूं नये.) परंतु सुक्रालोज फार तापविलें असतां त्यांतून अपायकारक द्रव्यें निघण्याचा संभव असल्याचा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेनें २०१९ मध्यें दिला आहे, आणि आपला पाक तर १६५ अंशांवर जावयाचा. म्हणून आम्हीं तिसरा पर्याय, स्टीव्हिया, पसंत केला. ही मूळची पराग्वे देशाकडील वनस्पति. तिच्या पानांतील शुद्ध केलेला अर्क साखरेच्या दोनशें ते तीनशें पट गोड असून उष्णता बरीच सोसतो. त्याचा क्रमांक ९६०. येथेंहि पाठ वाचलीच पाहिजे, कारण स्टीव्हिया म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिनच अधिक असतें.

अडीचशें ग्रॅम आयसोमाल्टास असा शुद्ध अर्क अर्धा ग्रॅम पुरे. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम कसा तोलावा, हा प्रश्न आम्हीं नववीच्या मुलांस घातला व त्यांनीं तो सोडविला: एक ग्रॅम अर्क ४९ ग्रॅम आयसोमाल्टांत नीट खलावा, आणि त्या मिश्रणांतून २५ ग्रॅम घेऊन उरलेल्या २२५ ग्रॅममध्यें मिसळावे. पण खरें सांगावयाचें तर चौथ्या खेपेस आम्हीं अर्क अजिबात वगळला. निम्म्या गोडीची गोळी दोन दिवस फिकी लागली, तिसऱ्या दिवशीं कोणाची तक्रार राहिली नाहीं. वजन उतरावें म्हणून अशा गोडद्रव्यांवर भिस्त ठेवूं नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२३ मध्यें दिला आहे. तो मधुमेह्यांस उद्देशून नव्हता, तरी मुलांची जीभच थोड्या गोडीस वळली तर वाईट काय?

बाकीच्या सामानाविषयीं थोडक्यांत. पातेलें जाड बुडाचें व स्टीलचें असावें. साचे सिलिकोनचे घ्यावे. ते नसतील तर तेलाचा हात फिरविलेलें ताटहि चालतें, मात्र चिक्कीप्रमाणें गरम असतांनाच सुरीनें कापावें लागतें. उष्णतामापक २०० अंशांपर्यंतचा हवा. ताप पाहण्याचा चालेल काय, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें, त्यास तो ४२ अंशांवर संपतो हें दाखवून द्यावें लागलें. नवा मापक प्रथम उकळत्या पाण्यांत धरून तपासावा. आपलें गांव समुद्रसपाटीहून साडेपांचशें मीटरांवर असल्यामुळें येथें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें. मापक शंभर दाखवील तर दोष मापकाचा समजावा. आंबटपणासाठीं लिंबाचा रस न घेतां लिंबूसत्त्वाचे खडे घ्यावे, कारण रसांतील पाणी तयार पाक बिघडवितें. याच कारणानें सुवास द्यावयाचा तो तेलाचा, अगर सुंठ-वेलदोड्याची बारीक पूड. आंबट फार घालूं नये. या गोळीनें दांत किडत नसले तरी आम्लानें ते झिजतातच.

अडीचशें ग्रॅम आयसोमाल्टास साठ मिलिलिटर पाणी घालून मंद आंचेवर विरघळवावें व १६५ अंशांपर्यंत न्यावें. मग उतरवून, बुडबुडे शमले कीं सुंठ व सत्त्व मिसळून साच्यांत ओतावें. हा पाक अंगावर पडल्यास उकळत्या पाण्याहून भयंकर भाजतो व चिकटून राहतो. म्हणून हें काम मोठ्या माणसानेंच करावें आणि गार पाण्याचें भांडें जवळ ठेवावें. निवालेल्या गोळ्या कागदांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवाव्या. मुलांनीं दिवसास दोनतीनच खाव्या, कारण अधिक खाल्ल्यास पोट फुगून जुलाब होतात. अगदीं लहान मुलांच्या घशांत अशी गोळी अडकते, त्यांस ती देऊंच नये. आणि कोणी झायलिटॉलच्या गोळ्या केल्याच तर त्या कुत्र्याच्या तोंडीं जाऊं देऊं नयेत. त्याला तें विष आहे.

एवढें सामान जमलें, गोळ्या झाल्या, आणि आम्ही संतुष्ट होऊन डबा शिक्षकांच्या खोलींत ठेवला. डब्यावर चिठ्ठी लावली नाहीं, ही आमची चूक. एके दिवशीं खेळाच्या तासाला, ज्याच्यासाठीं हा सारा उद्योग केला तोच मुलगा एकाएकीं घामाघूम होऊन थरथरूं लागला. तो इन्शुलिन घेणारा. पळापळीनें त्याच्या रक्तांतील साखर उतरली होती. अशा वेळीं गोड द्यावें, एवढें त्याच्या मित्रास ठाऊक होतें. तो धांवत गेला आणि आमच्याच डब्यांतील गोळी आणून त्यानें ती त्याच्या तोंडांत घातली. एक झाली, दुसरी झाली, थरथर थांबेना. रक्तांतील साखर वाढूं नये म्हणून जी गोळी आम्हीं इतक्या शोधानें केली होती ती आतां ती वाढवील कशी? सुदैवानें आमच्या एका सहकारी बाईंनीं तीन चमचे ग्लुकोज पाण्यांत कालवून पाजलें, पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासलें, आणि मुलगा सांवरला. तो बेशुद्ध असता तर तोंडांत कांहींच न घालतां त्यास तडक रुग्णालयांत न्यावें लागलें असतें.

त्या दिवसापासून आमच्या कपाटांत दोन डबे असतात. लाल चिठ्ठीच्या डब्यांत ग्लुकोजचे पुडे व साधी साखर असून त्यावर "घाम, थरथर, चक्कर आल्यास हेंच द्या" असें मुलांच्याच अक्षरांत लिहिलें आहे. हिरव्या चिठ्ठीच्या डब्यावर "साखर नाहीं, आजारपणांत उपयोग नाहीं" असें आहे. त्या मुलाच्या खिशांतहि आतां ग्लुकोजचा एक पुडा असतो, व त्याच्या बाकावरच्या चौघांस तो कोणत्या खिशांत आहे हें माहीत आहे.

यंदाच्या संमेलनांत हिरवा डबा त्यानेंच फिरविला. डबा रिकामा होऊन परत आला तो एका सूचनेसह: पुढच्या खेपेस सुंठ थोडी कमी घालावी.